घोडी म्हणजे बैल नव्हे

गेल्या वर्षी ऐन मार्गशीर्षात ठाकुर्लीजवळच्या एका गावातून फोन आला. "सायेब, घोरी लंगरते. परवाची सुपारी हाये. येता का जरा?" सुपारी म्हणजे वरातीचा आगाऊ पैसे घेऊन ठरलेला दिवस.

मी शेतकी खात्यातला माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण आपल्याकडे 'सायेब' एकदा ओळखीचा झाला की भातावरच्या करप्यापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सगळ्याला त्यालाच हाक मारतात. ठाकुर्ली स्टेशनात उतरून चालत गेलो. चाळीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये घोडी उभी होती. पांढरीशुभ्र, नुकरा जातीची, सहा-सात वर्षांची. सारख्या पायांवर वजन बदलत होती. मालक म्हणाला, काल पुढचा डावा पाय उचलत होती, आज मागचा उजवा. खुरात खिळा नाही, पायाला सूज नाही, हात लावला तर गरमही लागत नाही.

मालकिणीने वेगळीच गोष्ट सांगितली. घोडी महिनाभर चावायला कंटाळते, अर्धवट चावलेला घास तोंडातून खाली टाकते. आणि तोंड भरल्यासारखे दिसते. बघितले तर खरेच, नाकाच्या दोन्ही बाजूंनी, दाढांच्या वर हाड फुगल्यासारखे झाले होते. घरच्यांना वाटले होते, घोडी खाऊन-पिऊन सुधारली.

मग माझी नजर गव्हाणीकडे गेली. हिरवागार नेपियर बारीक कुट्टी करून टाकलेला, आणि शेजारी घमेलेभर भाताचा कोंडा. पोटात धस्स झाले. कारण त्या नेपियरचे ठोंबे मीच दिले होते.

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या शिवारफेरीत या गृहस्थाने विचारले होते, जनावराला वर्षभर हिरवे कसे पुरवायचे? मी नेहमीचे उत्तर दिले. घरामागच्या दोन गुंठ्यांत यशवंत किंवा फुले जयवंत लावा, दीड-दोन महिन्यांनी कापणी येते, सांडपाण्यावरही जगते. जनावर म्हणजे गाय असे मी धरून चाललो. त्याच्याकडे गाय होती, पण त्याच्या मनात घोडी होती. पदविकेच्या अभ्यासात आम्हाला गाय, म्हैस, शेळी, कोंबडी सगळे होते. घोडा कुठे आला नव्हता, आणि नंतर मीही कधी पुस्तक उघडले नव्हते.

पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि विचारले, "किती दिवस नुसता नेपियर आणि कोंडा घालताय?" वर्ष होत आले होते. त्यांनी समजावले ते असे. नेपियर, पॅरा गवत, गिनी गवत यांच्यात ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ बराच असतो. तो चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवतो आणि ते लिदेतून बाहेर जाते. गाई-म्हशीच्या पहिल्या पोटातले जंतू हा पदार्थ मोडून टाकतात, म्हणून तिला बहुधा बाधत नाही. घोड्याला तसे पोटच नाही. त्यात कोंड्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. मग रक्तातले कॅल्शियम सांभाळण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढत राहते. हाड पोकळ होते, त्या जागी तंतुमय भरण येते, तोंड फुगते, सांधे दुखतात. म्हणून आज हा पाय, उद्या तो.

ही घोडी त्या माणसाने जमिनीच्या शेवटच्या तुकड्याच्या पैशातून घेतली होती. त्या मोसमात त्याला आठ सुपाऱ्या परत कराव्या लागल्या. मला तो एका शब्दाने बोलला नाही, हे जास्त लागले.

घोडे उरलेत कुठे?

वाचक म्हणतील, ट्रॅक्टरच्या जमान्यात घोड्याचे काय घेऊन बसलात? खरे आहे. देशाच्या पशुगणनेत 2012 साली घोडे-तट्टू सव्वासहा लाखांच्या घरात होते, 2019 साली ते सुमारे 3 लाख 40 हजारांवर आले. कल्याण स्टेशनाबाहेरच्या टांग्यांची जागा रिक्षांनी घेतली. मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. पण नीट पाहिले तर आपल्याच भागात घोडा अजून पोट भरतो आहे. डोंबिवली, कल्याण, भिवंडीच्या वराती त्याच्याशिवाय निघत नाहीत. नेरळवरून वर माथेरानला गेलात की दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटार जात नाही. तिथे 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षा आली तरी प्रवासी आणि सामान घेऊन घोडे चालतातच. आणि भातकापणी झाली की घाट उतरून मुरबाड, शहापूर, कल्याणच्या शेतांत मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर तट्टे असतात, ती वेगळीच.

यातला नवा मालक बहुधा शेतकरी घरातला आहे. जमीन गेली, मुलगा रिकामा, लग्नसराईत पैसा दिसतो, म्हणून सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून किंवा दलालाकडून घोडी येते. घरात बैल पाळल्याचा पिढ्यांचा अनुभव असतो. तोच घोडीला लावतात. गफलत इथे होते.

रवंथ न करणारे पोट

बैल भराभर खातो आणि मग सावलीत बसून रवंथ करतो. त्याला दोन वेळा चारा टाकला की भागते. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरचे. त्याला रवंथ नाही आणि उलटीही करता येत नाही. चुकीचे गेले तर तोंडावाटे परत यायचा रस्ता बंद. चारा कुजवून पचवायचे काम मागच्या मोठ्या आतड्यात होते. म्हणून त्याचे खाणे थोडे थोडे आणि दिवसभर. मोकळा सोडला तर घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. तुम्ही सकाळी एक भारा टाकून संध्याकाळी परत आलात, तर मधले सहा-आठ तास त्याच्या जठरात नुसते आम्ल सुटत राहते. त्यातून व्रण होतात, शूळ होतो, आणि रिकामपणाने लाकूड चावायची सवय लागते.

साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो वाळलेला चारा लागतो. तो चार-पाच वेळा विभागून द्यावा. चारा कोणता? इथे आपला ठाणे जिल्हा नशीबवान आहे. आपल्या वरकस जमिनीवरचे पवन्या, शेडा, मारवेल हे गवत एके काळी गाड्या भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापून नीट वाळवलेले हे गवत घोड्याला उत्तम. मुरबाड-शहापूरकडून आजही गवताचे भारे मिळतात. भाताचा पेंढा मात्र घोड्याचे अन्न नव्हे. त्यात सत्त्व कमी, वाळूसारखी सिलिका जास्त, पचायला जड. अडीअडचणीला थोडा घाला, नाहीतर खाली अंथरायला वापरा. बुरशी आलेला, अवकाळी पावसात भिजून पुन्हा सुकवलेला चारा तर घोड्यापुढे नकोच. बैल तो निभावून नेतो. घोड्याला त्याने खोकला-दमा लागतो, पोट दुखते.

नेपियर पूर्ण वर्ज्य आहे का, असे मला बरेच जण विचारतात. मूठभर चवीला चालेल, रोजचे पोट भरायला नाही. आणि कोंड्याची सवय मोडा. धान्य हवे असेल तर जुन्या लोकांची चंदी बरी: हरभरा चार-पाच तास भिजवून, सोबत जव किंवा ओट. काम करणाऱ्या घोडीला दिवसाला दोन-तीन किलो, तेही दोन-तीन वेळा करून. एका वेळी दीड किलोच्या वर नको. आधी पाणी, मग गवत, मग चंदी हा क्रम ठेवा. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर जाते, वैशाखात जास्त. खायचे मीठ रोज मूठभराहून कमी, साधारण तीस ग्रॅम. कोणताही चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

एक धोका ठळक लिहितो. गाईसाठी किंवा कोंबड्यांसाठी आणलेले तयार खाद्य घोड्याला घालू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला, कोंबडीला ते चालते. घोड्याचे हृदय त्याच्या थोड्या मात्रेनेही बंद पडते. आणि लग्नघरचा मान म्हणून घोडीला पुरी, जिलेबी, भात चारतात, तेही थांबवा. वरातीनंतर रात्री दोनला तडफडणाऱ्या घोड्यांच्या निम्म्या गोष्टी त्या पत्रावळीपासून सुरू होतात.

चातुर्मासाची घोडी

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद. घोडी चार महिने ठाणावर बांधलेली. मालकाचे प्रेम असे की काम नसले तरी चंदी तीच. मग कार्तिकात पहिली सुपारी येते आणि घोडीला एकदम तीन तास उभी-चालती ठेवतात. दहा-पंधरा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटतो, मागचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ होतात, पाऊल पुढे पडत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. लोकांना वाटते दृष्ट लागली. ही दृष्ट नव्हे. विश्रांतीच्या दिवसांत भरपूर धान्य आणि मग अचानक श्रम, यातून स्नायू मोडतात. अशा वेळी घोडीला चालवत घरी नेऊ नये. आहे तिथे थांबवावे, अंगावर घोंगडी टाकावी, पाणी द्यावे, डॉक्टरांना बोलवावे.

उपाय अगदी साधा. काम बंद त्या दिवसापासून चंदी निम्मी किंवा त्याहून कमी, गवत पोटभर. आणि रोज तासभर चाल. पावसातसुद्धा. बैल औतातून सुटला की चार महिने गोठ्यात बसून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही, घोडा हे चालण्यासाठीच घडलेले जनावर आहे. त्याच्या पायातले रक्त वर चढायलासुद्धा पाऊल पडावे लागते.

हे मला नीट कळले ते पुस्तकातून नव्हे. मुरबाड रस्त्याच्या कडेला भाताच्या खाचरात धनगरांचा वाडा बसला होता. तिथे मेंढ्यांच्या खताचा हिशोब विचारायला गेलो होतो. त्यांची तट्टे म्हणजे भीमथडीची. या जातीची अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. दिसायला लहानखुरी, खूर दगडासारखे. सगळे बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर: भांडी, जाळ्या, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, कधी लेकरूही. एक म्हातारी तट्टावर सामान चढवत होती. तिने आधी तळहाताने सगळी पाठ चाचपली, मग घोंगडीची घडी अशी टाकली की मधल्या कण्यावर काही टेकूच नये, ओझे दोन्ही बरगड्यांवर यावे. मी विचारले, आजी, एवढे कशाला? ती म्हणाली, "पाठ लागली तर म्या चालायचं का त्यानं?" चारा काय घालता, असेही विचारले. म्हणाली, "रानात सोडायचं. हिरवं एकसारखं घालू नगा त्येला, माती व्हती हाडांची." माझ्या ठोंब्यांची गोष्ट तिला मी सांगितली नाही.

खोगिराच्या बाबतीत म्हातारीचा नियम वरातीच्या घोडीलाही लागू आहे. खोगीर काढल्यावर घामाचा ओला ठसा पाहा. मध्येच एखादी कोरडी जागा दिसली तर तिथे दाब जास्त पडतो आहे. उद्या तिथेच जखम होणार. तंग एकदम आवळू नका, दोन टप्प्यांत आवळा, दोन बोटे आत जातील एवढी ढिलाई ठेवा. वजनाचा ठोकताळा असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. साडेतीनशे किलोच्या घोडीला सत्तर किलो झाले. वजनदार नवरदेव, जरीचा झूल, चांदीचे खोगीर आणि पुढे बसवलेला करवला, अशी बेरीज करून बघा. करवल्याला खाली चालवा.

खूर, खिळा आणि पावसाळा

खूर नाही तर घोडा नाही, हे घोडेवाल्यांना सांगायला नको, पण नवख्यांना सांगायला हवे. रोज दोनदा, कामाआधी आणि कामानंतर, चारही खूर उचलून आतली घाण काढा. आपल्याकडे चोहीकडे बांधकामे चालू आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही रस्त्याकडेला राबिट आणि गंजका खिळा सापडतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, बैलापेक्षा कितीतरी लवकर, आणि झाला की बहुधा जनावर हातचे जाते. धनुर्वाताची लस घेतलेली असली पाहिजे. खुरात खिळा दिसला तर ताबडतोब उपटून टाकू नका. किती खोल आणि कुठल्या दिशेने गेला आहे ते डॉक्टरांना दिसू द्या. ते लांब असतील तर उपटण्याआधी जागेची खूण करून ठेवा.

पावसाळ्यात ठाण ओले राहते. लीद-मुताने तळ कुजतो, खुराच्या तळाच्या त्रिकोणी मऊ भागात काळे, घाण वासाचे पाणी सुटते. नाकाला झोंबणारा वास शेडमध्ये गेल्याबरोबर आला तर समजा, घोडीच्या फुप्फुसालाही तो झोंबतो आहे. जमिनीला उतार द्या, पेंढा रोज बदला, मागची बाजू उघडी ठेवा. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी काढून, वाढलेला खूर कापून परत ठोकायचा असतो. झिजला नाही म्हणून तोच नाल चार महिने ठेवला तर आतला खूर वाढून सगळा पाय वाकडा पडतो. चांगले नालबंद आता कमी उरलेत. दोन-तीन मालकांनी मिळून एकाच दिवशी बोलावले तर तो यायला तयार होतो आणि खर्चही वाटला जातो. डांबर आणि गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरतो. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालण्याचा वाद कोर्टात गेला, तेव्हा घोडेवाल्यांची एक तक्रार हीच होती. वरात नेताना उतारावर आणि सोसायटीच्या फरशीवर घोडी पायरी-पायरीने न्या, मागून कुणी टाळ्या पिटून हाकलू नये.

पांढऱ्या नुकरा घोडीची कातडी गुलाबी असते. ती उन्हाने भाजते, नाकाच्या शेंड्यावर आणि डोळ्यांभोवती आधी. दुपारी सावली हवीच. खरारा रोज करा. नुसता चकाकीसाठी नाही. खरारा करताना हात सगळ्या अंगावरून जातो आणि गाठ, जखम, गोचीड त्याच दिवशी कळते.

बँडची सवय

बैलाला दोन्ही बाजूंनी दाबून जूला लावता येते. घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर आहे. त्याला वाटले पळावे, तर तो आधी पळतो आणि मग विचार करतो. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला मागेपर्यंत दिसते, पण नाकासमोरचे थोडे आणि शेपटीमागचे अगदी दिसत नाही. म्हणून जाताना नेहमी डाव्या खांद्याकडून, आवाज देत जा. कान मागे चिकटले, शेपटी दाबली, नाकपुड्या ताणल्या तर थांबा. पोरांना मागून जाऊ देऊ नका.

शिकवायची रीत सोपी आहे, धीर मात्र लागतो. लगामाचा किंवा दोरीचा हलका ताण द्या. घोडीने एक पाऊल योग्य टाकले की त्याच क्षणी ताण सोडा. ताण सुटणे हेच तिचे बक्षीस. ती ऐकल्यावरही ओढत राहिलात तर ऐकून उपयोग नाही, एवढेच ती शिकते. चालणे, थांबणे, मागे सरणे आणि मुकाट उभे राहणे, एवढे चार धडे पक्के झाले तरी वरातीला पुरतात. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे पुरे. बँडची सवय लावायची तर आधी लांबून, चंदी खाताना, ढोल हळू वाजवा. कान शांत झाले की चार पावले जवळ. बिथरली तर पुन्हा लांब. दोन-तीन आठवडे लागतात. एखादा अनुभवी, शांत घोडा शेजारी असला तर नवी घोडी त्याच्याकडे बघून निम्मे शिकते. काही जण पहिल्याच दिवशी डीजेसमोर उभी करतात आणि मग म्हणतात, जनावर चक्रम आहे.

दोन-अडीच वर्षांचे शिंगरू वरातीला लावू नये. कण्याची हाडे पुरी जुळायला पाच वर्षांच्या पुढे जाते. यात्रेत वय फुगवून सांगतात, तेव्हा दात पाहायला शिका. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते.

नाचवण्याबद्दल मला नीट बोलता येत नाही, कारण आमच्या नात्यातल्या लग्नातही घोडी नाचली आहे आणि मी टाळ्या वाजवल्या आहेत. पण काटेरी लगाम तोंडात घालून, जिभेला रक्त आणून जी नाचते ती नाचत नसते. काटे किंवा टोके असलेला लगाम वापरणे 1965 च्या ओझेवाहू व गाडीच्या जनावरांच्या नियमांनी बंद आहे. त्याच नियमांत तट्टावर 70 किलोहून जास्त ओझे लादता येत नाही, दिवसात एकूण 9 तासांहून जास्त आणि सलग 5 तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 काम बंद, असे आहे. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी हे लक्षात ठेवावे. गावच्या जत्रेत घोडा येतो तेव्हा विचारणारे तुम्हीच असता.

विकत घेताना, आजार दिसताना

यात्रेतून आणलेले जनावर पंधरा दिवस ते तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळे बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि जिवावर बेततो. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, नाकात व्रण, पायाच्या आतल्या बाजूने ओळीने फुटणाऱ्या गाठी, ही लक्षणे. याला लस नाही. 2009 च्या कायद्याप्रमाणे तो कळवणे बंधनकारक आहे, आणि रक्तनमुन्यात सापडला तर जनावर नष्ट करून मालकाला नुकसानभरपाई देण्याची तरतूद आहे. लपवून ठेवले तर घरातल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. घोडी घेण्याआधीच रक्ततपासणीचा दाखला मागा. विकणारा कां-कूं करत असेल तर पुढच्या घोडीकडे वळा.

दुसरा सर्रा. पावसाळ्यात आणि नंतर मोठ्या चावऱ्या माशा वाढल्या की तो पसरतो. घोडी खाते तरी वाळत जाते, ताप येतो-जातो, छातीखाली आणि पायांना सूज येते, डोळ्याच्या आतली कड फिकी पडते. याला औषध आहे, पण लवकर केले तर. घोड्याचा ताप साधारण 99.5 ते 101.5 फॅरनहाइट असतो, विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44. एक थर्मामीटर घरात ठेवला तर डॉक्टरांना फोनवर सांगायला काहीतरी असते.

आणि शूळ. घोडी पोटाकडे वळून वळून बघते, पाय आपटते, लोळते, लीद बंद होते. पुढचा चारा-चंदी काढा आणि डॉक्टरांना बोलवा. 1962 या पशु हेल्पलाइनवरही फोन करता येतो. तोवर सावकाश चालवा, पळवू नका. बैलाला बांबूच्या नळीने तेल पाजायचा आपला हात घोडीवर चालवू नका. ते तेल फुप्फुसात उतरते आणि शुळातून वाचलेली घोडी निमोनियाने जाते.

त्या घोडीचे विचाराल, तर डॉक्टरांनी नेपियर आणि कोंडा त्याच दिवशी बंद करवला. मुरबाडचे वाळलेले गवत, थोडा लसूणघास, हरभरा, आणि त्यांनी ठरवून दिलेले कॅल्शियम सुरू झाले. पहिले दोन महिने काही फरक दिसेना. फाल्गुनात ती चारही पायांवर सरळ उभी राहिली. वैशाखात तिने दोन वराती केल्या, जवळच्या, पोरगेल्या नवरदेवांच्या. लंगडणे गेले आहे. तोंडाची सूज मात्र थोडी उरली आहे. डॉक्टर म्हणतात ती बहुधा तशीच राहील. मुंडावळ्या आणि गोंडे बांधले की दिसत नाही.

परवा तिकडून गेलो तेव्हा मालकाने थांबवले. नेपियर उपटून त्याने बांधावर रचून ठेवला होता. म्हणाला, "सायेब, गायीला होवरं पुरं झालं. बाकीचे ठोंबे तुमी परत घेऊन जा." पोत्यात भरून आणले. ज्यांच्याकडे नुसत्या गाई-म्हशी आहेत, त्यांनी कार्यालयातून घेऊन जावेत.